डिव्हाइस ट्रीत क्लॉक लिहिण्याचा क्रम: आधी क्रिस्टल, मग कर्नल

एमसीपी२५१५ चिपचं कॅन मॉड्यूल (कॅन म्हणजे इंजिनाचे संदेश वाहणारं जाळं) एसपीआयवर, म्हणजे प्रोसेसर आणि चिप जोडणाऱ्या तारांवर, जोडलं, ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला वरून जोडायचा तुकडा) चढवला, ड्रायव्हरने काही तक्रार केली नाही, इंटरफेसही वर आला. पण इंजिनाकडून एकही फ्रेम, म्हणजे संदेश, वाचता येत नाही. गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नव्याने लागलेली मुलं असोत की फर्मागुढीला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, बहुतेकांची अडचण हीच असते. तोवर वायर बदलून झालेली असते, दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर तपासून झालेले असतात, कधीकधी मॉड्यूलही नवं आणलेलं असतं. क्रिस्टलच्या पाठीवर कोरलेला आकडा मात्र कुणी वाचलेला नसतो.

लिनक्स कर्नलसाठी क्लॉकचं, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या ठरावीक वारंवारतेच्या सिग्नलचं, वर्णन लिहिताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात: दुसऱ्या कुणाच्या फाइलमधून ड्रायव्हरचा नोड (एका उपकरणाची नोंद) उचलायचा, त्यात आकडा बसवायचा आणि चालतंय का ते पाहायचं. डिव्हाइस ट्री ही कर्नलला हार्डवेअरची ओळख करून देणारी फाइल; तीत आपण बोर्डावर काय सोल्डर केलं आहे त्याची नोंद करत असतो. नोंद चुकली की कर्नल त्या चुकीच्या आकड्यावर अचूक गणित करतो, आणि म्हणूनच लॉगमध्ये काहीच दिसत नाही.

खाली मुख्य उदाहरण ट्रॉलरच्या इंजिनाची माहिती नोंदवणाऱ्या बोर्डाचं घेतलं आहे. डिझेल इंजिनांवर सर्रास दिसणारं जे१९३९ आणि बोटींवरचं एनएमईए २००० ही दोन्ही कॅनचीच जाळी साधारणपणे सेकंदाला २५० किलोबिटवर चालतात, आणि बोर्डावर एमसीपी२५१५ असतो. गोव्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मालिम किंवा कुटबणच्या जेटीवर बोटी लागलेल्या असताना बोर्ड बसवायला हाच काळ सोयीचा. या दोन महिन्यांत पडताळणी नीट झाली नाही, तर चूक ऑगस्टमध्ये समुद्रात कळते आणि तोवर तांडेलाचा (बोटीच्या प्रमुखाचा) त्या डब्यावरचा विश्वास उडालेला असतो.

एक सूचना: गुणधर्मांची आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. फाइलमध्ये लिहिताना अक्षरं कर्नलच्या बाइंडिंगमधून (चिपच्या नोडमध्ये काय लिहायचं ते सांगणाऱ्या फाइलमधून) जशीच्या तशी घ्या.

## तयारी: टेबलावर काय हवं

बोर्डाचा स्किमॅटिक, ज्या चिपला क्लॉक लागतो तिची डेटाशीट आणि मुख्य प्रोसेसरच्या मॅन्युअलमधलं क्लॉकचं प्रकरण. कर्नलच्या सोर्समधून दोन गोष्टी लागतात: त्या चिपची बाइंडिंगची फाइल आणि प्रोसेसरच्या क्लॉकचे क्रमांक असलेली हेडर फाइल. दोन्ही तुम्ही बिल्ड करत असलेल्या कर्नलच्याच सोर्समधून घ्या. नेटवर सापडलेली बाइंडिंग दुसऱ्या आवृत्तीची असू शकते.

शिवाय ऑसिलोस्कोप किंवा साधा फ्रीक्वेन्सी मोजणारा मीटर, चालू सीरियल कन्सोल, आणि क्रिस्टलवरचे आकडे वाचायला भिंग. भिंग टाळू नका.

## टप्पा १: बोर्डावरचे स्रोत शोधा

प्रत्येक क्लॉक कुठून तरी जन्म घेतो. तो स्रोत क्रिस्टल आहे की ऑसिलेटर, हे सर्वांत आधी ठरवा.

क्रिस्टल स्वतः चालत नाही. चिपच्या आतलं सर्किट त्याला चालवतं. ऑसिलेटरला वीज द्यावी लागते आणि तो स्वतः सिग्नल देतो. पायांच्या संख्येवरून अंदाज बांधू नका. चार पॅडचे एसएमडी क्रिस्टल असतात आणि त्यांचे दोन पॅड नुसते ग्राउंडला जोडलेले असतात. स्किमॅटिकमध्ये वीजपुरवठ्याची रेघ दिसते का, ते पाहा. ऑसिलेटर असेल तर त्याला चालू-बंद करणारा एनेबल पाय आहे का आणि तो कुठे गेला आहे, हेही लगेच लिहून ठेवा. पाचव्या टप्प्यात त्याची गरज पडेल.

एमसीपी२५१५ ची स्वस्त मॉड्यूल ८ मेगाहर्ट्झ आणि १६ मेगाहर्ट्झ अशा दोन्ही क्रिस्टलसह मिळतात. दिसायला दोन्ही सारखीच. दुकानाच्या पानावर एक छायाचित्र असतं आणि पाकिटात दुसरंच मॉड्यूल निघतं. त्यामुळे हातातल्या मॉड्यूलवर काय लिहिलंय तेवढंच खरं मानायचं.

आकडा पुसट असेल तर मोजा, पण क्रिस्टलच्या पायावर प्रोब लावून नको. प्रोबच्या कपॅसिटन्सने आंदोलन सरकतं किंवा थांबतंही. या चिपच्या १८ पायांच्या प्रकारात ३ क्रमांकाचा पाय क्लॉकआउट आहे आणि रीसेटनंतर त्यावर क्रिस्टलच्या एक अष्टमांश वारंवारता येते. तिथे १ मेगाहर्ट्झ दिसलं तर क्रिस्टल ८ चा, २ दिसलं तर १६ चा.

सावधान: हे मोजमाप चिपला फक्त वीज दिलेली असताना, ड्रायव्हर चढवण्याआधी करा. लिनक्सचा ड्रायव्हर चिप ओळखल्यावर तिला झोपवतो आणि झोपेत क्रिस्टलही थांबतो. मग पायावर काहीच दिसत नाही आणि चांगलं मॉड्यूल बिघडलेलं समजून बाजूला टाकलं जातं.

## टप्पा २: झाड कागदावर काढा

स्रोत मुळाशी, वापरणारा टोकाला. मधे कोण गुणतो, कोण भागतो, कोण अडवतो ते लिहा. आपल्या बोर्डाचं झाड लहान आहे: ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, चिपच्या आत भागिले २, म्हणजे कॅनच्या वेळमापनाला ४ मेगाहर्ट्झ. २५० किलोबिटला एका बिटासाठी १६ क्वांटम (वेळेचे समान तुकडे) मिळतात. छान जमणारा आकडा.

आता चुकीची नोंद काय करते ते याच कागदावर पाहा. ट्रीत १६ मेगाहर्ट्झ लिहिलंत, तर कर्नल समजतो की हाताशी ८ मेगाहर्ट्झ आहेत आणि त्यानुसार भाजक दुप्पट ठेवतो. प्रत्यक्षात तारेवर १२५ किलोबिट जातात. इंजिन २५० ने बोलतं, बोर्ड १२५ ने ऐकतो.

इथे एक वाईट सवय दिसते. कुणीतरी वैतागून बिटरेट ५०० करून पाहतो आणि माहिती यायला लागते! मग तोच आकडा स्क्रिप्टमध्ये कायम होतो. पुढच्या खेपेला १६ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल आलं की सगळं बंद पडतं आणि मूळ कारण कुणालाच आठवत नाही. चुकीच्या नोंदीला दुसऱ्या चुकीच्या आकड्याने सावरायचं नाही. बिटरेट ५०० ठेवल्यावर २५० चं जाळं वाचता आलं, तर तोच पुरावा समजा आणि मागे जाऊन क्रिस्टलची नोंद दुरुस्त करा.

मोठ्या प्रोसेसरच्या झाडात पीएलएल (गुणणारा), मक्स (स्रोत निवडणारा), डिव्हायडर (भागणारा), गेट (अडवणारा) असे बरेच मुक्काम येतात. सगळं काढत बसू नका. आपल्या उपकरणापासून मुळापर्यंतची एकच वाट काढा. त्या वाटेवरच्या पीएलएलवर आणखी कोण अवलंबून आहे, तेवढं शेजारी टिपून ठेवा.

## टप्पा ३: स्रोताचा नोड

न बदलणाऱ्या स्रोतासाठी फिक्स्ड-क्लॉक हा कंपॅटिबल (नोडचा प्रकार सांगणारं नाव) वापरतात. त्याला दोन गोष्टी अनिवार्य: क्लॉक-फ्रीक्वेन्सी आणि हॅश चिन्हाने सुरू होणारा क्लॉक-सेल्स. वारंवारता हर्ट्झमध्ये लिहायची, म्हणजे आपल्या क्रिस्टलसाठी ८०००००० . शून्यं मोजून घ्या.

क्लॉक-सेल्स म्हणजे वापरणाऱ्याने या स्रोताकडे बोट दाखवताना (म्हणजे त्याच्या नोडचा संदर्भ देताना; पुढेही ‘बोट’ म्हणजे असा संदर्भ) सोबत किती आकडे द्यायचे. एकच सिग्नल देणाऱ्या स्रोताला शून्य. प्रोसेसरच्या क्लॉक कंट्रोलरसारखा अनेक सिग्नल देणारा असेल तर बहुधा एक, आणि तो आकडा हेडर फाइलमधल्या क्रमांकाचा.

हा नोड डिव्हाइस ट्रीच्या मुळाशी ठेवा, एसपीआयच्या नोडच्या पोटात नको. तिथे ठेवला तर एसपीआयची यंत्रणा त्याला स्वतःच्या बसवरचं उपकरण समजते आणि पत्ता मागते. ओव्हरले लिहीत असाल तर क्लॉकच्या भागाचं लक्ष्य मूळ नोड आणि चिपच्या भागाचं लक्ष्य एसपीआयचा नोड, असे दोन तुकडे करावे लागतात.

स्रोतातून ठरावीक पटीत दुसरा क्लॉक निघत असेल तर फिक्स्ड-फॅक्टर-क्लॉक वापरा. त्यात क्लॉक-डिव्ह आणि क्लॉक-मल्ट दोन्ही लिहावे लागतात, एखादा १ असला तरीही. एमसीपी२५१५ च्या आतलं भागिले २ मात्र असं लिहू नका. ते ड्रायव्हर स्वतः करतो, आणि तुम्हीही केलंत तर दोनदा भागलं जाईल. चिपच्या बाहेर जे आहे ते ट्रीत लिहायचं; आतलं ड्रायव्हरवर सोडायचं.

## टप्पा ४: वापरणाऱ्याचा नोड

चिपच्या नोडमध्ये क्लॉक्स हा गुणधर्म लिहून स्रोताच्या लेबलकडे बोट दाखवा. चार चुका इथेच होतात.

पहिली, एसपीआय-मॅक्स-फ्रीक्वेन्सी आणि क्रिस्टल यांची सरमिसळ. पहिला आकडा प्रोसेसर आणि चिप यांच्यातल्या एसपीआय तारेचा वेग आहे. या चिपसाठी त्याची मर्यादा १० मेगाहर्ट्झ. त्याचा क्रिस्टलशी संबंध नाही. ‘क्रिस्टल ८ चा आहे म्हणून मॅक्स-फ्रीक्वेन्सीही ८ केली’ असं अनेक जण सांगतात आणि क्लॉकचा नोड मात्र १६ वरच राहिलेला असतो.

दुसरी, सेल्सचा गोंधळ. स्रोताने एक आकडा मागितला असताना तुम्ही तो दिला नाहीत, तर यादीतलं पुढचं बोट हेच तो आकडा म्हणून वाचलं जातं. मग सगळी यादी एक घर सरकते. डिव्हाइस ट्री कंपायलर यावर इशारा देतो, पण तो इशारा इतर शंभर इशाऱ्यांत वाहून जातो.

तिसरी, क्लॉक-नेम्स. हे नाव वापरणाऱ्या चिपच्या बाजूचं असतं; तिचा तो पाय बाइंडिंगमध्ये ज्या नावाने ओळखला जातो ते. स्रोताचं नाव तिथे लिहायचं नसतं. यादीत दोन-तीन क्लॉक असतील तर नावांचा क्रम आणि बोटांचा क्रम एकच हवा. बाइंडिंग नाव मागत नसेल तर घालू नका.

चौथी, ट्रीत लिहिलं म्हणजे क्लॉक चालू झाला अशी समजूत. ड्रायव्हरने तो मागावा लागतो आणि मग प्रिपेअर व एनेबल या दोन पायऱ्या कराव्या लागतात. प्रिपेअर थांबू शकतं, म्हणून ते इंटरप्टमध्ये बोलवत नाहीत. एनेबल तिथे चालतं. तुम्ही स्वतः ड्रायव्हर लिहीत असाल तर दोन्ही जोडीने करा आणि बंद करतानाही जोडीनेच.

पडताळणी: पुढे जाण्याआधी कागदावरचं झाड आणि फाइल शेजारी ठेवा. कागदावरच्या प्रत्येक रेघेसाठी फाइलमध्ये एक बोट हवं.

## टप्पा ५: एनेबल पाय असलेला ऑसिलेटर

बीगलबोन ब्लॅक हा तयार लिनक्स बोर्ड याचं उत्तम उदाहरण आहे. त्यावर आवाजासाठी २४.५७६ मेगाहर्ट्झचा वेगळा ऑसिलेटर आहे आणि त्याचा एनेबल पाय प्रोसेसरच्या जीपीआयओ१ (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणारे पाय) या गटातल्या २७ व्या पायाला जोडलेला आहे. याची नोंद दोन नोडमध्ये होते: एक फिक्स्ड-क्लॉक, आणि त्याला आपला स्रोत म्हणणारा जीपीआयओ-गेट-क्लॉक, ज्यात एनेबल-जीपीआयओज लिहिलेला असतो. आवाजाच्या नोडने बोट दाखवायचं ते गेटकडे.

नेमकं इथे लोक थेट फिक्स्ड-क्लॉककडे बोट दाखवतात. दर विचारला तर उत्तर बरोबर येतं, २४५७६०००. पण गेट उघडायला कुणी सांगतच नाही, आणि स्पीकर मुका राहतो. दर बरोबर आणि उपकरण मुकं, असं दिसलं की आधी गेटचा संशय घ्या.

२४.५७६ मेगाहर्ट्झ म्हणजे ४८ किलोहर्ट्झची ५१२ पट. ४४.१ किलोहर्ट्झ त्यातून पूर्ण भागाने निघत नाही; त्याला २२.५७९२ मेगाहर्ट्झ लागतात. ट्रीतला आकडा बदलून ही अडचण सुटणार नाही, कारण ऑसिलेटर तोच राहतो. दुसरा ऑसिलेटर बसवा किंवा आवाजाचा दर सॉफ्टवेअरमध्ये बदलून घ्या.

## टप्पा ६: सुरुवातीचे दर, लागले तरच

प्रोसेसरच्या आतल्या क्लॉकला विशिष्ट पालक (झाडात त्याच्या वरचा क्लॉक) किंवा दर हवा असेल तर असाइन्ड-क्लॉक्स, असाइन्ड-क्लॉक-पेरेंट्स आणि असाइन्ड-क्लॉक-रेट्स वापरतात. तिन्ही याद्या क्रमाने जुळतात. एखाद्याचा दर बदलायचा नसेल तर त्या जागी शून्य लिहा. जागा गाळली तर पुढचे दर भलत्याच क्लॉकला लागतात. कर्नल आधी पालक बसवतो, मग दर, आणि हे ड्रायव्हरचा प्रोब (उपकरण ओळखून सुरू करण्याची पायरी) सुरू होण्याआधी होतं.

दुसऱ्या टप्प्यात शेजारी टिपलेली अवलंबितांची यादी इथे बाहेर काढा. सामायिक पीएलएलचा दर बदललात तर त्यावर बसलेला यूएआरटी (सीरियल पोर्ट) किंवा डिस्प्लेही हलतो. सीरियल कन्सोल अचानक चित्रविचित्र अक्षरं छापू लागला तर ती केबलची चूक नसते. मला विचाराल तर, गरज सिद्ध होईपर्यंत हा टप्पा टाळा.

## टप्पा ७: बिल्ड आणि बाइंडिंगची तपासणी

डीटीबी (ट्रीची कंपाइल झालेली फाइल) बिल्ड करा आणि त्यानंतर डीटीबीएस-चेक चालवा. ही तपासणी तुमचा नोड बाइंडिंगच्या नियमांशी ताडून पाहते: अनिवार्य गुणधर्म, नावं, यादीची लांबी. आकडा खरा की खोटा हे तिला कळत नाही.

मग बोर्ड बूट करून चढलेली ट्री वाचा. प्रॉकमधल्या डिव्हाइस-ट्री फोल्डरात तुमचा नोड सापडला पाहिजे. वारंवारता तिथे चार बाइटांत, मोठा बाइट आधी, अशी साठवलेली असते; हेक्सडंपने पाहिलं तर २४५७६००० हा आकडा ०१ ७७ ०० ०० असा दिसतो. नोडच नसेल तर बूटलोडर जुनी डीटीबी उचलतो आहे. ही शक्यता आधी संपवा, नाहीतर दिवसभर फाइल बदलत राहाल आणि बोर्डाला त्याचा पत्ताच नसेल.

## टप्पा ८: चालू बोर्डावर पडताळणी

डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलप्रणाली) माउंट करून क्लॉक-समरी वाचा. तिथे सगळं झाड पालक-मुलांच्या क्रमाने दिसतं. तीन गोष्टी पाहा: तुमचा क्लॉक योग्य पालकाखाली आहे का, दर कागदावरच्याइतका आहे का, आणि एनेबलचा आकडा शून्याहून मोठा आहे का. तिसरी पाहताना उपकरण वापरात असू द्या. एमसीपी२५१५ चा ड्रायव्हर मात्र प्रोबमध्येच क्लॉक चालू करतो, म्हणून कॅन इंटरफेस खाली असला तरी तिथे शून्य दिसू नये.

कॅनसाठी आणखी एक सरळ तपासणी आहे. आयपी आज्ञेने इंटरफेसचा सविस्तर तपशील मागा. त्यात क्लॉक ४०००००० दिसला तर ट्रीत ८ मेगाहर्ट्झची नोंद आहे, ८०००००० दिसला तर १६ ची. क्रिस्टलवरचा आकडा आणि हा आकडा यांत नेमका दुपटीचा फरक हवा.

या सगळ्यानंतरही तारेवर मोजा. कर्नल दाखवतो ते तुम्हीच लिहिलेल्या आकड्यावरचं गणित आहे. ऑसिलोस्कोपवर २५० किलोबिटच्या एका बिटाची रुंदी ४ मायक्रोसेकंद भरली पाहिजे. ८ भरली तर भिंग घेऊन पहिल्या टप्प्यावर परत या.

## बूट अर्ध्यात अडकला किंवा ड्रायव्हर आलाच नाही

बूटच्या शेवटी कर्नल कुणीही न मागितलेले क्लॉक बंद करतो. बूटलोडरने चालू ठेवलेला एखादा क्लॉक तोवर सगळं सांभाळत असतो, म्हणून चूक तिथवर लपते. बोर्ड नेमका त्या वेळी गोठत असेल तर कर्नलच्या बूट कमांड-लाइनमध्ये सीएलके-इग्नोर-अनयूज्ड घालून पाहा. गोठणं थांबलं तर निदान झालं: कुणीतरी क्लॉक वापरतंय आणि ट्रीत तसं लिहिलेलं नाही. तो शोधा, त्याच्या नोडमध्ये क्लॉक्स लिहा आणि तो पर्याय काढून टाका. ग्राहकाकडे जाणाऱ्या बोर्डावर तो राहू देऊ नका. वीज वाया जाते आणि पुढच्या चुकाही झाकल्या जातात.

ड्रायव्हर ५१७ ही त्रुटी देऊन थांबला असेल तर तो स्रोताची वाट पाहतो आहे. डीबगएफएसमध्ये अशा रखडलेल्या उपकरणांची यादी मिळते. बहुधा स्रोताचा ड्रायव्हर कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये निवडलेलाच नसतो. गेट-क्लॉक वापरताना तो ज्या जीपीआयओवर आहे, त्याचा ड्रायव्हरही पाहा.

वेर्ण्याच्या टेबलावर चाललेला बोर्ड पावसात जेटीवर बंद पडला तर ट्रीला हात लावू नका. खारट दमट हवा आणि क्रिस्टलच्या पायांशी राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स मिळून गळती होते आणि आंदोलन सुरूच होत नाही. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकवा, मग कोटिंग द्या. ट्रीतली नोंद हवामानाने बदलत नाही.

## झेफर वापरत असाल तर

झेफर या छोट्या चिपांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही डिव्हाइस ट्री आहे, पण ती बिल्डच्या वेळीच मॅक्रोंत विरघळते. चालू बोर्डावर वाचायला ती उरत नाही, म्हणून बिल्ड फोल्डरातली अंतिम डीटीएस फाइल वाचायची सवय लावा. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरवर बाहेरच्या स्रोताचा नोड एचएसई नावाचा असतो. एसटीएम३२ च्या अनेक न्यूक्लिओ बोर्डांवर त्या पायाला क्रिस्टल नसून बोर्डावरच्याच एसटी-लिंक प्रोग्रामरकडून तयार ८ मेगाहर्ट्झचा सिग्नल येतो. तिथे एचएसई-बायपास लिहावंच लागतं. तीच फाइल स्वतःच्या क्रिस्टलवाल्या बोर्डावर नेताना ते काढावं लागतं. टप्पे १ ते ४ इथेही याच क्रमाने.

## बोर्डांची खेप बदलते तेव्हा

८ आणि १६ मेगाहर्ट्झच्या मॉड्यूलसाठी दोन वेगळे ओव्हरले ठेवा आणि फाइलच्या नावातच वारंवारता लिहा. डब्याच्या आत, झाकणाच्या बाजूला, क्रिस्टलचा आकडा आणि ओव्हरलेचं नाव लिहिलेली पट्टी चिकटवा. जेटीवर मॉड्यूल बदलणारा माणूस तुम्हीच असाल असं नाही. त्याने नवं मॉड्यूल बसवताना पट्टी, क्रिस्टल आणि आयपी आज्ञेतला क्लॉक हे तीन आकडे ताडून पाहायचे आणि त्यानंतरच झाकण लावायचं.